बसायचं का?

‘बसणं’ या साध्या क्रियापदाला मराठीत एक खासगी अर्थ आहे. ‘काय, संध्याकाळी बसायचं का?’ असं एका मित्रानं दुसऱ्याला विचारलं की कुठं आणि कशाला, हे सांगावं लागत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात नोकरीला लागले तेव्हा हा अर्थ मला ठाऊक होता. माझं कामही लोकांना नीट बसवण्याचंच आहे, हे कळायला मात्र दीडेक वर्ष गेलं.

समाजकार्याची पदवी ताजी होती. पहिला ग्रुप घेतला तेव्हा हातात यकृताचा रंगीत तक्ता होता. गोलात बारा खुर्च्या, तेरावी माझी. पण मी बसलेच नाही. निरोगी यकृत, चरबी चढलेलं यकृत, सिरॉसिस झालेलं यकृत, असं चाळीस मिनिटं उभ्यानं बोलले. शेवटी विचारलं, “कुणाला काही शंका?” एक काका म्हणाले, “शंका नाही ताई. आमच्या सरपंचांनंतर इतकं सुरेख बोलणारं माणूस आजच ऐकलं.” सगळे हसले, मीही हसले. टोमणा उमगला तो दुपारी डबा खाताना.

आमच्याकडे ग्रुप दोघांनी घ्यायची पद्धत आहे. माझ्या जोडीला जे होते त्यांना सगळे भाऊ म्हणत. शिक्षण सातवी. याच केंद्रात पूर्वी तीनदा दाखल झालेले, आणि आता सतरा वर्षं थेंबाला न शिवलेले. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथं बरे झालेले रुग्णच पुढं कार्यकर्ते झाले, आणि ती रीत आमच्यासारख्या आडगावच्या केंद्रापर्यंत पोचली. तरीही, खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की भाऊ खुर्च्या मांडायला आहेत.

भाऊ ग्रुपमध्ये एक पाठकोरा कागद घेऊन बसत. त्यावर गोल काढायचा, गोलावर प्रत्येकाच्या जागी टिंब द्यायचं, आणि जो ज्याच्याशी बोलला तिथं रेघ ओढायची. महिनाभर त्यांनी माझे असे कागद साठवले आणि एके दिवशी टेबलावर मांडले. “काय दिसतंय?” बैलगाडीचं चाक दिसत होतं. प्रत्येक आरा माझ्या टिंबाला येऊन भिडलेला. “तुम्ही तुंबा झालाय ताई,” भाऊ म्हणाले. “ही माणसं आपसात बोलतच नाहीत. पाळीपाळीनं तुमच्याशी बोलतात. ह्याला ग्रुप नाही म्हणत, ओपीडी म्हणतात.”

माणसांना एकत्र बसवून उपचार करायची युक्ती मुळात काटकसरीतून आली. बोस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट यांनी 1905 साली, सॅनेटोरियमचा खर्च न झेपणाऱ्या क्षयरोग्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलवायला सुरुवात केली. हेतू होता विश्रांती, मोकळी हवा, स्वच्छता यांचे नियम शिकवण्याचा. पण एकाच दुखण्याची माणसं शेजारी शेजारी बसली की नुसत्या त्या बसण्यानंच त्यांना उभारी येते, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढं 1970 मध्ये अर्व्हिन यालम यांनी गटोपचारावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि गटात माणूस कशाकशानं बरा होतो ते एकेक करून मांडलं. ‘हे माझ्या एकट्याचंच नाही’ हा दिलासा त्यात बराच वर आहे. परीक्षेत मी ते सगळे घटक ओळीनं लिहिले होते. भाऊंनी यालम हे नावही ऐकलं नव्हतं.

नव्या समुपदेशकाला एक प्रश्न हमखास येतो. “ताई, तुम्ही कधी घेतलीय का?” मी एकदा म्हणाले, “नाही, पण तुमचं दुःख मी समजू शकते.” समोरचा मान हलवून गप्प झाला. पुढच्या वेळी पुस्तकातली हुशारी केली, “हा प्रश्न तुम्हाला आजच का पडला?” भाऊंनी नंतर झाडलं. “माणसानं सरळ विचारलंय, सरळ सांगा की.” आता सांगते, “नाही घेतली. तलफ कशी असते ते मला वाचूनच माहीत. ज्यांना माहीत आहे ते अकरा जण इथं आहेत, त्यांना विचारा.” एवढं म्हणून पाय मागे घ्यायचे. पाय मागे घ्यायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

एक गृहस्थ अकरा दिवस ग्रुपमध्ये काही बोलले नव्हते. शेतकरी माणूस, टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचा. बाराव्या दिवशी एकाएकी म्हणाले, “पोरीच्या लग्नाचं सोनं मी विकलं. लग्न झालं. पण तिला माहितीय.” एवढंच. खोलीत फक्त पंख्याची टकटक. माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं, कबूल करणं हीच पहिली पायरी, वगैरे. भाऊंनी माझ्याकडे न बघता कागदावरचं पेन नुसतं वर उचललं आणि तसंच धरलं. मी तोंड मिटलं. टकटक मोजत राहिले. तीसच्या पुढं गेले असेन.

मग पलीकडून एक पोरगा बोलला. बाविशीचा, गर्दवाला. दारूवाली मंडळी त्याला आपल्यात धरत नसत. व्यसनातही उच्चनीच असतं. तो म्हणाला, “काका, मी आईचं मंगळसूत्र नेलं. ती आता नुसती काळी पोत घालते.”

“बोलते का तुझ्याशी?” काकांनी विचारलं.

“बोलते. जेवायला वाढते. पण पाकीट उशाखाली घेऊन झोपते.”

त्या दिवशीच्या कागदावर पहिल्यांदा गोलाच्या आरपार रेघा होत्या, मला न शिवता गेलेल्या.

(ग्रुपमध्ये ऐकलेलं ग्रुपमध्येच ठेवायचं, हा आमचा पहिला नियम. म्हणून इथली माणसं, नाती आणि वस्तू बदलून लिहिल्या आहेत. सोनं काही सोनंच नव्हतं.)

गप्प राहायचं म्हणजे ग्रुप वाऱ्यावर सोडायचा असं नाही. कुणी गोव्याच्या ट्रिपची कहाणी रंगवायला लागला, की ऐकणाऱ्यांचे डोळे चमकतात, घशाची घाटी वरखाली होते. मिनिटभर जरी ते चालू दिलं तरी त्या रात्री वॉर्डात चारजण तळमळतात. भाऊ अशा वेळी उपदेश करत नसत. “आणि दुसऱ्या दिवशी सकाळी?” एवढंच विचारत. गोष्ट उलटीपाशी, थरथरत्या हातांपाशी, अंथरुणापाशी येऊन थांबे.

आषाढ सरत आला की आमच्याकडे गटारीची तयारी असते. बाहेर लोक कोंबडी कुठून आणायची ते ठरवतात, आम्ही नाही कसं म्हणायचं त्याची तालीम करतो. एकानं रुग्ण व्हायचं, दुसऱ्यानं आग्रह करणारा मित्र. मित्राची भूमिका आमची माणसं अशी वठवतात की नाटकवाल्यांनी येऊन बघावं. “एकच घे रे. माझ्यासाठी. उद्यापासून श्रावण आहे, मग मीपण सोडतोय.” एका वर्षी हे इतकं हुबेहूब झालं की नाही म्हणायला उभ्या राहिलेल्या माणसाचा हात रिकाम्या ग्लासाकडे खरोखरच गेला. सगळे खदखदून हसले आणि मी तिथंच ग्रुप संपवला. रंगला म्हणून खूष होते. संध्याकाळी तो माणूस बॅग भरून फाटकाशी उभा होता, ‘घरी महत्त्वाचं काम आहे’ म्हणत. तासभर भाऊ त्याच्याजवळ ओट्यावर बसले, तेव्हा तो परतला.

चूक माझी होती. तलफ उठवली आणि उतरवली नाही. तेव्हापासून तालीम झाली की सगळ्यांनी जागा बदलून बसायचं, आपलं खरं नाव मोठ्यानं सांगायचं, आणि तलफ शून्य ते दहात किती आहे ते बोलायचं. पाचाच्या वर कुणी असेल तर ग्रुप उठत नाही, चहा आत मागवायचा. पुस्तकात हे सगळं होतं. मी ते वाचलंही होतं.

बसण्याची गोष्ट मला त्या सोनंवाल्या काकांनी सांगितली. घरी जायच्या आदल्या दिवशी ते ग्रुपमध्ये म्हणाले, “वीस वर्षं रोज चारजणांत बसलो. सगळे बोलायचे. ऐकत कुणीच नव्हतं.” मग टोपी डोक्यावर ठेवली आणि इतरांच्या पाळीला कान देऊन बसून राहिले.

भाऊ दोन वर्षांपूर्वी थकून घरी बसले. आता कागद माझ्याकडे आहे आणि शेजारी एक नवी मुलगी, तीही पदवी घेऊन आलेली. गेल्या गुरुवारी ग्रुप मीच चालवला, रेघा तिनं ओढल्या. पन्नास मिनिटांत माझ्या टिंबातून सात निघाल्या. त्यातल्या दोन जास्तीच्या होत्या.