फाईलीत बिलं होती, रिपोर्ट नव्हता

उरणकरांनो, पोस्ट जरा लांब आहे, पण आपल्या घरातल्या माणसासाठी वाचा.

गेल्या वर्षी माझ्या काकांना नवी मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलमधून मुंबईला हलवलं. कारण तुम्हाला माहितीये, पैसे संपले. १८ दिवस आयसीयू, मानेत नळी, अँटिबायोटिक्सचा मारा, तरी ताप उतरेना. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "ब्लड कल्चरचा रिपोर्ट कुठाय?" फाईल उलटीपालटी केली. बिलं सगळी होती, रिपोर्ट नव्हता. फोनाफोनी केल्यावर दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आला. रक्तात 'कॅन्डिडा ऑरिस' नावाची बुरशी! तोवर नेहमीचं फ्लुकोनॅझोल चालू होतं. या बुरशीवर ते बहुतेक वेळा चालतच नाही. आणि ते दोन दिवस काका इतर पेशंटच्या शेजारीच होते.

काका गेले. किडनीही थकली होती, त्यामुळे बुरशीनेच गेले असं मी म्हणणार नाही. पण ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीत.

ही बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानात सापडली, म्हणून 'ऑरिस', म्हणजे कान. २०२० मध्ये दिल्लीच्या एका कोविड आयसीयूत १५ जणांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली, त्यातल्या १० जणांना हीच होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला सर्वात धोकादायक बुरशींच्या गटात टाकलं. कोविडनंतरची 'काळी बुरशी' आठवते ना? ती एकाकडून दुसऱ्याला होत नव्हती. ही मात्र खाटेवरून, बीपीच्या पट्ट्यावरून, हातांवरून पसरते. धडधाकट माणसाने घाबरायचं कारण नाही. धोका आहे तो नळ्या लावलेल्या, अशक्त पेशंटला.

आपल्या तालुक्यात मोठं हॉस्पिटल नाही. आपला पेशंट उरण, पनवेल, नेरूळ, मुंबई असा फिरतो. पेशंटबरोबर बुरशी जाते, कागद मात्र मागे राहतो.

म्हणून तीन गोष्टी करा. पेशंट हलवताना कल्चर रिपोर्ट मागून घ्या, अजून आला नसेल तर लॅबचा नंबर तरी घ्या. भेटायला जाताना आणि निघताना हात स्वच्छ करा. आणि डॉक्टरांना रोज विचारा, "ही नळी अजून लागणार आहे का?"

हॉस्पिटलवाल्यांनाही हात जोडून सांगणं आहे, बदनामीच्या भीतीने लपवू नका. पुढच्या डॉक्टरला एक फोन करा. तेवढ्याने कुणाचे तरी दोन दिवस वाचतील.