अर्ध्या दिवसाची रत्नागिरी

गावातला माणूस गाव बघत नाही, तो गावातून जातो. बँक, भाजी, दवाखाना, लग्नकार्य अशा कामांसाठी त्याचे रस्ते ठरलेले असतात आणि त्या रस्त्यांवर जे काही ऐतिहासिक वगैरे असेल ते डाव्या किंवा उजव्या हाताला मागे पडत जातं. बाहेरून आलेल्याला पत्ता सांगताना तेवढा उपयोग, "थिबा पॅलेसच्या पुढे आलात की डावीकडे". रत्नागिरीत माझा सगळा जन्म गेला, त्यातली चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेली. तरी सकाळी साडेआठला गाडीत बसून, गाईडच्या मागे मागे फिरून, दुपारी दीडला जेवायला परत, असं 'रत्नागिरी दर्शन' मी कधी केलं नव्हतं.

ते यंदा घडलं. धाकटी बहीण चिंचवडहून तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन आली होती. त्यांनी फोनवरूनच एका टूरवाल्याकडे अर्ध्या दिवसाची सहल ठरवून टाकली. मी म्हटलं, अगं, मी आहे की दाखवायला! तर म्हणते, "ताई, तू दाखवायला लागलीस की पहिल्या ठिकाणीच दुपार होईल. तू नुसती बस आमच्याबरोबर." बहिणी खरं बोलतात, म्हणून तर त्या बहिणी.

गाडीत आम्ही तेरा जण. पुण्या-नाशिकची दोन कुटुंबं, कोल्हापूरचं एक नवीन जोडपं आणि आम्ही म्हाताऱ्या. गाईड तिशीचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात छोटा माईक. मला बघून त्याने माईक खालीच केला. "बाई, तुम्ही?" सातवी-आठवीला माझ्या वर्गात होता. पुढचे पाच तास तो दर दोन वाक्यांनंतर चोरून माझ्याकडे बघत होता, आणि मी खिडकीबाहेर.

त्याचा कागद मी पाहिला. प्रत्येक ठिकाणाला मिनिटं लिहिलेली. पतितपावन मंदिर वीस, टिळक जन्मस्थान पंचवीस, थिबा पॅलेस चाळीस, थिबा पॉइंट पंधरा, रत्नदुर्ग एक तास, मत्स्यालय अर्धा तास, शेवटी मांडवी वीस. बहिणीच्या मैत्रिणीला याचं हसू आलं. मला नाही आलं. शाळेत आम्हाला पस्तीस मिनिटांचा तास असायचा, आणि लोकमान्य टिळक, जन्मापासून मंडालेपर्यंत, मी त्या तशा दोन तासांत बसवत असे. अभ्यासक्रम म्हणजे तरी काय, अर्ध्या दिवसाची सहलच की.

पहिलं पतितपावन मंदिर. गाईडने पाठ केलेलं सांगितलं. सावरकर १९२४ साली येरवड्याहून सुटले ते रत्नागिरी जिल्ह्यातच राहायचं आणि राजकारण करायचं नाही या अटींवर. १९३७ पर्यंत ते इथे स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीर यांनी खर्च केला आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी हे मंदिर सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडलं. आत लक्ष्मीनारायणाची मूर्ती आहे. सगळं बरोबर होतं. मग त्या नवीन जोडप्यातली मुलगी म्हणाली, "सगळ्यांसाठी म्हणजे? देऊळ सगळ्यांसाठीच असतं ना?"

तिच्या प्रश्नात काही खवचटपणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. त्याच काळात नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह चालला होता आणि दार उघडत नव्हतं, हे तिच्यापर्यंत पोचलं नसेल, किंवा एका तासात येऊन गेलं असेल. गाईड क्षणभर थांबला आणि माईक न वापरता म्हणाला, "माझ्या पणजोबांसाठी नव्हतं. इथे उघडलं तेव्हा ते आत आले होते. आजी सांगायची." आणि लगेच घड्याळ बघून, "चला, गाडीत बसू या."

वर्गाच्या रजिस्टरात जातीचा एक रकाना असतो. दरवर्षी जूनमध्ये तो मी माझ्या अक्षरात भरत असे, त्यात या मुलाचाही भरला असणार. त्या रकान्यातून पणजोबा कळत नाहीत, आजी तर नाहीच नाही. ते त्याने स्वतः सांगायचं होतं, आणि सांगायला त्याला वीस मिनिटांपैकी अर्धं मिनिट मिळालं. ती मुलगी मात्र गाडीत बसेपर्यंत मागे वळून वळून देवळाकडे बघत होती. अर्धं मिनिट पुरतं कधी कधी.

टिळक आळीतलं जन्मस्थान तुम्ही पाहिलं असेल. कौलारू घर, ओटी, थंडगार जमीन. २३ जुलै १८५६ चा जन्म. ते घर टिळकांचं स्वतःचं नव्हतं, भाड्याचं होतं, ही गोष्ट मला नेहमी आवडत आली आहे. वडील गंगाधरपंत शिक्षक. १८६६ साली त्यांची बदली पुण्याला झाली आणि दहा वर्षांचा बाळ रत्नागिरी सोडून गेला. शिक्षकाची बदली ही किती मोठी घटना असू शकते बघा!

इथून थिबा पॅलेस गाडीने दहा मिनिटं. गाईडने विषय बदलला, टिळक संपले, थिबा सुरू. सगळ्याच टूरवाल्यांचं असंच असतं, दोन स्थळं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. मला मात्र त्या दहा मिनिटांत राहवेना. मी माईक मागितला. (बहिणीने कपाळाला हात लावला.)

ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८७८ साली मंडालेच्या गादीवर बसला, वय एकोणीस. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला राणी आणि मुलींसह बोटीत घातलं, आधी मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. राज्य केलं सात वर्षं, रत्नागिरीत काढली तीस. आता दुसरी बाजू. जुलै १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. निकाल २२ जुलैला लागला, म्हणजे त्यांच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आणि त्यांना ठेवलं कुठे? मंडालेला. १९१४ पर्यंत रत्नागिरीचा मुलगा मंडालेच्या तुरुंगात आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत! थिबा या नव्या राजवाड्यात राहायला आला ते साल १९१०. त्याच साली हिवाळ्यात टिळक तिकडे 'गीतारहस्य' लिहायला बसले. इंग्रजांनी मुद्दाम केलं असं नाही. कैद्यांना दूर ठेवायला त्यांना दूरच्या जागा हव्या होत्या, आणि त्यांच्या नकाशावर मंडाले आणि रत्नागिरी दोन्ही सारख्याच दूर होत्या. दिल्लीच्या बहादूरशाह जफरला त्यांनी रंगूनला नेलं, तो १८६२ मध्ये तिथेच गेला. मंडालेचा मुलूख हातात आल्यावर तिथला राजा इकडे. कैद्यांची अशी अदलाबदल.

गाडीत कोणी बोललं नाही. मग गाईड म्हणाला, "बाई, हे तुम्ही वर्गात सांगितलं होतंत. पण तेव्हा परीक्षेला नव्हतं."

थिबा पॅलेस आता पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत वस्तुसंग्रहालय आहे. लाल रंगाची, उतरत्या छपरांची, नक्षीदार लाकडी खिडक्यांची वास्तू. पोरांनी फोटो काढले. मग थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, पूल, पलीकडे सुरूचं बन, नारळ, आणि मग नुसता समुद्र. सगळे म्हणाले, काय सुंदर! सुंदर आहेच. पण त्या कठड्याशी उभं राहून मला वाटलं, आपण इथे सौंदर्य म्हणून जे दाखवतो तेच त्या काळी गजांचं काम करत होतं. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. आगबोट हाच मुख्य रस्ता आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ साली. रत्नागिरी गाठायला अवघड होती म्हणून राजाला इथे ठेवलं, सावरकरांनाही इथेच ठेवलं. आज तीच जागा 'गर्दीपासून दूर' म्हणून जाहिरातीत छापतात. आपण पैसे मोजून जे दृश्य पंधरा मिनिटं बघतो, ते एका माणसाला मरेपर्यंत बघावं लागलं.

इथेच गाईडने आपल्या कागदातली लोकप्रिय गोष्ट काढली. थिबाची थोरली राजकन्या आणि राजवाड्यावरचा दरवान गोपाळ सावंत. "एकदम फिल्मी लव्हस्टोरी!" लोक हसले. त्याला तसंच शिकवलेलं असणार, हशा मिळाला की पुढे मोबाइलवर चांगले तारे मिळतात. नाशिकच्या एक काकू मात्र हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, "मग तिचं पुढे काय झालं?"

गाईड माझ्याकडे बघायला लागला. कागदात पुढचं नव्हतं.

पुढचं असं. त्यांना १९०६ साली मुलगी झाली, टुटू. १९१६ च्या डिसेंबरात थिबा वारला. राणी सुपयालतला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता, सरकार परवानगी देईना. दोन वर्षांहून अधिक काळ तसाच गेला आणि अखेर १९१९ मध्ये त्याला इथेच मूठमाती दिली गेली, धाकट्या राणीशेजारी. ती १९१२ मध्येच गेली होती. मग राणी आणि मुलींना ब्रह्मदेशात परतू दिलं. पण थोरली राजकन्या पुढे लेकीला घेऊन परत रत्नागिरीलाच आली. ज्या गावात तिच्या बापाला कैद केलं होतं त्या गावात ती आपणहून परत आली, आणि १९४७ साली इथेच गेली. टुटू इथेच वाढली, इथल्याच माणसाशी लग्न केलं, मराठीच बोलली, गरिबीत मुलंबाळं वाढवली आणि २००० साली वारली. तिला बघितलेली माणसं आजही गावात आहेत. योगायोग असा की अमिताव घोष यांची थिबाच्या पदच्युतीपासून सुरू होणारी इंग्रजी कादंबरी 'द ग्लास पॅलेस' त्याच वर्षी आली. जगाला थिबा नव्याने कळत होता तेव्हा त्याची नात रत्नागिरीत शेवटचे दिवस मोजत होती.

हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असेल, सवय आहे. 'लव्हस्टोरी'वर माझा राग नाही. प्रेमच असेल ते, आपण कोण ठरवणार? पण गोष्ट जिथे हशा मिळतो तिथे थांबवली की त्यातली माणसं आपली राहत नाहीत, ती करमणूक होतात. आणि टुटू आपली होती, तेवढीच जेवढे टिळक आपले.

काकूंनी विचारलं, राजाची समाधी कुठे आहे? शिवाजीनगरला. यादीत होती का? नव्हती. ड्रायव्हरचं म्हणणं, "तिथे बघण्यासारखं काय नाय ओ." मांडवीची वीस मिनिटं कमी करायची की नाही यावर गाडीत चर्चा झाली. मांडवीला भेळ मिळते, त्यामुळे सामना चुरशीचा झाला. शेवटी दहा मिनिटं समाधीला द्यायची असं ठरलं.

ड्रायव्हर चुकीचं बोलला नव्हता. चारी बाजूंना घरं, कुठल्या तरी गॅलरीत वाळत घातलेले कपडे, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि मधे त्या समाध्या. एका देशाचा शेवटचा राजा इथे आहे असं वाटावं असं काही नाही. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन डोकं टेकवून गेले. त्यांच्यासाठी ते पर्यटन नव्हतं. आमच्यातल्या कोणी फोटो काढला नाही, त्या नवीन जोडप्यानेसुद्धा. काकूंनी चप्पल काढून नमस्कार केला. दहाची बारा मिनिटं झाली.

पुढचं थोडक्यात. रत्नदुर्गावर वारा छान होता, भगवतीचं दर्शन झालं, मी वरपर्यंत चढले आणि बहिणीची धाप माझ्याआधी लागली. झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा बघून मुलं खूष. मांडवीची वाळू काळी का, हे मुलांनी विचारलं आणि गाईडने नीट सांगितलं, त्यातल्या खनिजामुळे. मी शिकवलेलं नाही ते, त्याचं तो शिकला आहे.

लोक विचारतात, अर्ध्या दिवसात गाव कळतं का? नाही कळत. चौतीस वर्षांतही सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. पण बाहेरच्या माणसाचा एक फायदा असतो, तो प्रश्न विचारतो. देऊळ सगळ्यांसाठीच असतं ना? तिचं पुढे काय झालं? या दोन प्रश्नांची उत्तरं त्या दिवशी गाडीतल्या दोन रत्नागिरीकरांनी दिली, आणि ते प्रश्न आम्ही एकमेकांना कधी विचारले नसते. म्हणून कोणी आपलं गाव बघायला आलं तर 'त्यात काय बघायचं' असं म्हणू नये. बरोबर जावं आणि मधेमधे गप्प बसावं. (हे दुसरं मला बहिणीने सांगितलं आहे.)

उतरताना गाईडने विचारलं, "बाई, समाधी यादीत घालू का? मालकांना सांगून बघतो." मी म्हटलं, घाल, आणि देवळात पणजोबांचंही सांगत जा, माईकवरून.

परवा तो बाजारात भेटला. समाधी यादीत आली आहे. मांडवीची वीस मिनिटं पंधरावर आणली आहेत. भेळ तेवढ्यात होते, म्हणाला.