चाकातली खटखट

घोडबंदर रोडवर राहून राहून माणसाचे कान मेकॅनिकचे होतात. पावसाळा सरता सरता खड्ड्यात पुढच्या चाकाकडून खटखट ऐकू आली की पहिला संशय बॉल जॉइंटवर!

तशी वस्तू साधीच. वाटीत बसवलेली पोलादी गोळी, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी. चाक वळतं, वर-खाली होतं ते तिच्या जिवावर. आत ग्रीस, वर रबरी बूट. हा बूट फाटला की खड्ड्यातलं पाणी-माती आत शिरते, ग्रीस निघून जातं आणि गोळी वाटीत डुलायला लागते. जुन्या बऱ्याच गाड्यांत निपलमधून ग्रीस भरता यायचं. आताचे बहुतेक जॉइंट सीलबंद. खराब झाला की बदलायचा.

आमचा मेकॅनिक गाडी जॅकवर घेतो, चाक वरून-खालून धरून हलवतो. प्ले जाणवला की म्हणतो, "साहेब, गायमुखच्या घाटात हा निसटला तर चाक आडवं पडेल." तेही शेजारी भरलेला ट्रेलर असताना! मग मी घासाघीस करत नाही. जॉइंट बदलतो, अलाइनमेंट करून घेतो.

रस्त्याच्या नावाने ओरडावंच. पण तो सुधारेपर्यंत घरच्यांना सुखरूप पोचवणं त्या फाटक्या-धड रबरावर असतं. तेवढं वाकून बघायला काय हरकत आहे?