घारापुरीचा चिखल

घारापुरीला जाणाऱ्यांचा दिवस ठरलेला असतो. लाँचमधून उतरायचं, पायऱ्या चढायच्या, त्रिमूर्तीसमोर उभं राहायचं आणि शेवटची लाँच सुटायच्या आत परतायचं. मला हे बेट भेटतं ते ओहोटीला, किनाऱ्याचा चिखल उघडा पडतो तेव्हा.

तिवरांची मुळं त्यातून बोटभर वर आलेली असतात. वाकून पाहिलं तर त्यांच्यावर बारीक छिद्रं दिसतात. झाड त्यांतूनच श्वास घेतं. मुळांमधून निवट्या सरपटतात आणि चाहूल लागली की सुळकन बिळात शिरतात. खडकांवर एखादी बाई कोयती घेऊन कालवं फोडत बसलेली असते. पाणी चढायच्या आत कालवणापुरती निघाली म्हणजे झालं.

तिच्या पाठीमागे, खाडीपलीकडे, न्हावा-शेवाच्या क्रेन. दुसऱ्या अंगाला जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या. इथली लेणी 1987 साली जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि 1989 साली समोरचं बंदर सुरू झालं. बेटावर चोवीस तास वीज यायला मात्र 2018 उजाडलं. तोवर जनरेटरवर संध्याकाळचे काही तास दिवे लागत आणि मग अंधारातून लखलखणारी जहाजं पाहायची. हे अंतर मला फार बोचतं.

7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ कलंडली, कंटेनर समुद्रात पडले, काहींत कीटकनाशकं होती. सुमारे 800 टन तेल सांडलं. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, होड्या पाण्यात लोटायचे दिवस. आणि मासेमारी थांबवावी लागली. भरतीने ते तेल घारापुरीच्या तिवरांत आणून सोडलं. खडकावरचं तेल खरवडता येतं. चिखलातलं बिळांवाटे खाली उतरतं, तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे ते लवकर विरतही नाही. श्वासाच्या मुळांवर त्याचा थर बसला की झाड उभ्या उभ्या गुदमरतं.

तरी अपघाताची निदान बातमी होते, पंचनामा होतो. रोजच्या झिजेचं काय? 15 मीटर खोल बसणारी जहाजं आत यावीत म्हणून खाडीचा तळ उपसून मार्ग खोल केला. त्यात पुन्हा गाळ बसतो, पुन्हा उपसा. उपसताना पाणी गढूळ होतं आणि गढूळ पाण्यात तळाशी जगणाऱ्यांचे हाल होतात. जहाजांच्या बुडाला चिकटून किंवा तोल सांभाळायला भरलेल्या पाण्यातून परमुलखातले जीव येतात. मेक्सिकोच्या आखाताकडचा एक बारका शिंपला असाच काही दशकांपूर्वी मुंबईच्या गोद्यांत येऊन बसला. यातल्या कशालाही दुर्घटना म्हणत नाहीत, म्हणून भरपाईचा प्रश्नच उठत नाही. माझ्या मते बेटाचं खरं नुकसान इथेच आहे.

बंदर बंद करा, असं कुणी म्हणत नाही. आपल्या घरातल्या कितीतरी वस्तू याच मार्गाने येतात. पण जहाजाला आत आणताना पाण्याची खोली वीतभर चुकत नाही, तर तितक्याच काळजीने या चिखलाची तपासणी का होऊ नये? पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या बेटावरच्या तिन्ही वस्त्यांजवळचा गाळ उचलावा. त्यात तेल किती, जड धातू किती, निवट्या आणि कालवं वाढली की घटली, ते पाहावं. खर्च बंदरांनी करावा. जागा दाखवायला त्या कालवं काढणाऱ्या बायांना रोजंदारी देऊन सोबत घ्यावं, आणि जो काही अहवाल येईल तो घारापुरीच्या ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा.