ओचानोमिझू येथील वाद्यांची पेठ

टोकियो शहराच्या मध्यभागीं कांदा नांवाची एक लहानशी नदी खोल खंदकांतून वाहते. हा खंदक निसर्गानें केलेला नव्हे. सतराव्या शतकांत शोगुनांच्या किल्ल्याच्या रक्षणासाठीं टेकडी फोडून तो खणण्यांत आला. त्याच्या कांठच्या वस्तीस ओचानोमिझू म्हणतात. शब्दाचा अर्थ 'चहाचें पाणी'. येथील एका झऱ्याचें पाणी शोगुनाच्या चहासाठीं नेत असत, त्यावरून हें नांव पडलें. तो झरा आतां उरलेला नाहीं. आहेत तीं वाद्यांचीं दुकानें, आणि त्यांतहि मुख्यत्वें गिटारचीं.

आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तरास या पेठेंत काय काम, असें वाचक विचारतील. निशी-कासाई भागांत, जेथें आपल्या देशांतील पुष्कळ कुटुंबें राहतात, आमच्या चिरंजीवांचें बिऱ्हाड आहे. सोळा वर्षांचा नातू विजेवरील गिटार वाजवितो. भिंती पातळ, खालच्या मजल्यावरील गृहस्थांनीं एके दिवशीं दारांत चिठ्ठी ठेविली. चिठ्ठींत क्षमायाचनाच इतकी होती कीं तक्रार शोधून काढावी लागली. पण ती होती. चिरंजीवांनीं निकाल दिला : आवाज थांबव, नाहीं तर वाद्य विकून टाक. मुलगा कांहीं बोलला नाहीं. दोन दिवस जेवणहि धड केलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं तो हळूच म्हणाला, "आजोबा, माझे पंचवीस हजार येन साठले आहेत. ओचानोमिझूला याल का माझ्याबरोबर?"

ओतेमाची येथें गाडी बदलून आम्ही निघालों. भुयारांतून धांवणारी ती गाडी नदीपाशीं येतांच क्षणभर उजेडांत येते, पूल ओलांडते आणि पुनः जमिनींत शिरते. वर पाहावें तों हिजिरी-बाशी म्हणजे 'संतांचा सेतु'. १९२७ सालीं बांधलेल्या या पुलाच्या एका अंगास युशिमा सेइदो हें कन्फ्यूशिअसाचें मंदिर आणि दुसऱ्या अंगास १८९१ सालचें निकोलाई नांवाचें रशियन पंथाचें ख्रिस्तमंदिर. दोन्हीकडील संतांना जोडणारा म्हणून हें नांव. सेइदोंत पूर्वीं शोगुनांची पाठशाळा भरत असे. तेथें अर्धा तास तरी बसावें असें आमच्या मनांत होतें. परंतु नातवाचीं पावलें पुलाकडे ओढ घेत होतीं. तरुणांच्या घाईंत म्हाताऱ्यांनीं देवळें आडवीं घालूं नयेत, असें आमचें मत आहे.

पलीकडे सुरुगादाईची उतरण लागते. मेइजी विश्वविद्यालयाच्या बाजूनें खालीं जाणाऱ्या या रस्त्यास दुतर्फा दुकानें : इशिबाशी, कुरोसावा, शिमोकुरा आणि किती तरी. भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत गिटारी टांगलेल्या. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानांत हंडे-कळशा रचाव्या तशा. तरी कोठें गलबला नाहीं. वस्तु वाजवून पाहण्यास येथें 'शिसो' म्हणतात. नम्रपणें विचारावें, दुकानदार गिटार स्वतः सुरांत लावून हातीं देतो, आणि विकत न घेतां निघालें तरी तितक्याच नम्रपणें वांकतो.

नातवानें शिकविलें त्यावरून आम्हांस जें समजलें तें येथें सांगतों. विजेच्या गिटारचा स्वतःचा आवाज अगदीं क्षीण. तारांचें कंपन खालचीं चुंबकें टिपतात आणि तें अॅम्प्लिफायरकडे जातें. हा अॅम्प्लिफायर नुसता आवाज वाढविणारा नोकर नव्हे. वीणेस जसा भोपळा तसा तो या वाद्यास आहे. काढून टाका, म्हणजे वाद्याचा अर्धा देह गेला. जुन्या धर्तीच्या, कांचेच्या नळ्यांच्या अॅम्प्लिफायरची गंमत अशी कीं त्याचा तो भरदार, किंचित् फाटलेला सूर आवाज पुष्कळ वाढविल्यावरच पुरता निघतो. म्हणजे गोडी हवी तर शेजाऱ्याची झोंप मोडावी लागते. या पेचांतून गणितानें वाट काढली. गिटारच्या ध्वनीचे आंकडे करावयाचे, नळी व कर्णा त्या ध्वनीचें जें करितात तेंच आंकड्यांवर करावयाचें, आणि पुनः ध्वनि करून सोडावयाचा. यासच मॉडेलिंग म्हणतात. बिंबावांचून प्रतिबिंब, असें आम्ही म्हणूं. जपानच्या रोलंड कंपनीनें १९९५ सालीं आणि अमेरिकेच्या लाइन सिक्स कंपनीनें १९९८ सालीं, राजम्याच्या दाण्यासारख्या तांबड्या डबींत, हें सामान्य वादकापर्यंत आणिलें. त्याच डबींत घुमारा, प्रतिध्वनि, लहरी इत्यादि संस्कारहि एकापुढें एक घालतां आले, म्हणजे मल्टि-इफेक्ट्स झालें. रोलंडचे संस्थापक काकेहाशी यांची हकीकत शाळांतून सांगण्याजोगी आहे : लहानपणींच आईबाप गेले, सोळाव्या वर्षीं घड्याळें दुरुस्त करण्याचें दुकान घातलें, आणि १९७२ सालीं ही कंपनी काढली. गिटारवाद्यांच्या पायाखालच्या 'बॉस' नांवाच्या पेट्या त्यांच्याच कंपनीच्या.

दुकानांत या पेट्यांची रांगच होती. नातवाची नजर प्रथम मोठ्या पेटीवर गेली : आठ पायकळा, रंगीत पडदा, शेंकडों तयार आवाज. ती आपल्या कक्षेबाहेर आहे हें किंमतीनेंच सांगितलें. तरी त्यानें ती वाजवून पाहिली, आणि नवल असें कीं सूर घोंगडीखालून यावा तसा दबलेला आला. पोराचा चेहरा उतरला. विक्रेत्या तरुणानें हंसून एक मांडणी बदलली आणि सूर एकदम मोकळा झाला. कारण साधें होतें. पेटी अॅम्प्लिफायरची आणि त्याच्या कर्ण्याची नक्कल करीत होती, आणि तो सूर पुनः दुकानांतल्या खऱ्या गिटार-अॅम्प्लिफायरमधूनच बाहेर येत होता. कर्ण्यावर कर्णा चढला. खऱ्या अॅम्प्लिफायरांत जोडावयाची तर कर्ण्याची नक्कल बंद करावी. हेडफोन किंवा गाणें ऐकण्याच्या साध्या स्पीकरांत जोडावयाची तर ती चालू ठेवावी. पुष्कळ मुलें एवढें न कळल्यामुळें चांगली पेटी वाईट म्हणून विकून टाकतात, असें तो म्हणाला.

तेथून पुढें आमच्या हिशेबास दिशा लागली. आवाज ज्यांतून ऐकावयाचा, पैसा त्यांत घालावा; पेटी मध्यम चालेल. नातू घरीं ऐकणार हेडफोनांतून. बिनतारी हेडफोन चालत नाहीं, कारण बोट पडल्यानंतर सूर किंचित् उशिरां कानांत येतो आणि ताल चुकतो, तारेचाच हवा.

आपल्या कक्षेंत दोन पेट्या बसत होत्या. एक बॉसची जीटी-१, २०१६ सालीं निघालेली. तींत पायानें हलवावयाची पट्टी आहे आणि ती संगणकास थेट जोडून वादन मुद्रितहि करतां येतें. नवी घेतली तर सारी रक्कम तींतच संपत होती. दुसरी झूम कंपनीची जी-१ फोर, २०१९ सालची, विटेहून लहान. पट्टी नाहीं, थेट मुद्रण नाहीं. परंतु पांच संस्कार एका वेळीं, तबलजीच्या जागीं ठेके, सूर जुळविण्याची सोय, आणि अर्धा मिनिटभर आपलेंच वादन पुनःपुनः ऐकविण्याची युक्ति, एवढें सर्व तींत होतें. या झूम कंपनीची कचेरीहि याच सुरुगादाईवर आहे. शेजारच्या जुन्या मालाच्या कपाटांत ती मूळ खोक्यासह, दर्जाच्या अक्षराची चिठ्ठी लावलेली, अर्ध्याहून कमी रकमेंत मिळत होती. जपानी माणूस वापरलेली वस्तूहि अशी ठेवतो कीं नव्याचा मोह धरण्यांत अर्थ नाहीं.

मुलगा घुटमळला. "पट्टी असती तर..." एवढेंच म्हणाला. आम्ही विचारलें, "बाळ, सध्यां तूं जीं गाणीं बसवितोस त्यांत ती पट्टी कितींत लागते?" त्यानें बोटें मोजलीं. एकांत. आणि त्या शेंकडों आवाजांपैकीं घरीं वापरणार किती? तीन, फार तर चार.

आणखी एक गोष्ट आमच्या घराची होती. पुढल्या वर्षीं तो शिक्षणासाठीं पुण्यास आमच्याकडे येणार. जपानांत घरगुती वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०; तेथला केवळ १०० व्होल्टांचा अॅडॅप्टर आपल्या भिंतींत खुपसला तर धूर निघावयाचा. दोन्ही पेट्या चार पेन्सिल सेलांवर चालतात, आणि झूमची तर मोबाइलच्या चार्जरवरहि. ही भीति मिटली.

शेवटीं जुनी झूम, तारेचा चांगला हेडफोन, त्याची बारीक पिन पेटीच्या जाड भोंकांत बसविणारी जोडपिन आणि तारांचे दोन संच घेतले. साडेतीन हजार येन उरले. पेटीहून हेडफोन महाग पडला, याचें चिरंजीवांस घरीं फार आश्चर्य वाटलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर नातू खोलींत वाजवीत बसला. बाहेर केवळ तारांची टिकटिक, पाल चुकचुकावी एवढी. सूनबाई दोनदां दाराशीं जाऊन कान देऊन आल्या. चिरंजीव वर्तमानपत्र वाचीत होते; थोड्या वेळानें उठले, आंत गेले, आणि मुलाच्या कानांवरचा हेडफोन काढून त्यांनीं आपल्या कानांवर घेतला. "वाजव", असें ते म्हणाले.