टिपा लिहून गेलेल्या मॅडम

डेटाबेसमधल्या टेबलाला आणि त्याच्या एकेका कॉलमला टीप जोडून ठेवता येते, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते मी एका मॅडमकडून शिकलो. आमची कधी भेट झाली नाही. मी एका पतसंस्थेच्या कामावर रुजू झालो तेव्हा त्या तिथून निवृत्त झालेल्या होत्या.

ऑरॅकलवरचं जुनं काम. टेबलांची नावं आखूड, कॉलमांची त्याहून आखूड, आणि विचारायला माणूस नाही. थकबाकीदारांना पाठवायच्या नोटिसांची यादी काढायची होती. खात्यांच्या टेबलात ‘एसटी_सीडी’ नावाचा कॉलम, त्यात नुसते आकडे. डेटा डिक्शनरीतल्या ‘यूझर_कॉल_कमेंट्स’ या व्ह्यूवर साधी सिलेक्ट क्वेरी चालवली, टेबलाचं नाव कॅपिटल अक्षरांत दिलं, आणि स्क्रीनभर टिपा आल्या. रोमन अक्षरांतलं मराठी. त्यात ७ या आकड्यापुढे होतं: ‘कर्जदार मयत, वारसनोंद बाकी. नोटीस पाठवू नये, आधी घरी माणूस पाठवावा.’

ती खाती मी यादीतून वगळली. कुणाच्या दुखवट्याच्या घरात माझ्या क्वेरीमुळे जप्तीची भाषा पोचली नाही, हे त्या मॅडमचं माझ्यावरचं ऋण.

माहितीपुस्तिका हरवते, टीप मात्र टेबलासोबत राहते. ऑरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये ‘कमेंट ऑन कॉलम’ या एका आज्ञेनं ती लिहिता येते. ऑरॅकलमध्ये ४००० बाइटपर्यंत. पोस्टग्रेसमध्ये ती ‘पीजी_डिस्क्रिप्शन’मध्ये जाते आणि ‘कॉल_डिस्क्रिप्शन’ या फंक्शननं वाचता येते. मायएसक्यूएलमध्ये ‘इन्फर्मेशन_स्कीमा’च्या कॉलम्स टेबलात सापडते, पण तिथे कॉलमचा प्रकार ‘मॉडिफाय’नं बदलताना टीप पुन्हा दिली नाही तर जुनी पुसली जाते. हे फार जपावं लागतं. जुन्या टिपेवर नवी लिहिली तरी जुनी उरत नाही. म्हणून मॅडमच्या टिपांत भर घालताना मी आधी त्यांचा मजकूर वाचून घेतो आणि माझं त्याच्या पुढे जोडतो.

तुमच्या हाताखाली ऑरॅकलची टेबलं असतील तर त्याच व्ह्यूवर ‘कमेंट्स इज नल’ अशी अट घालून क्वेरी चालवा. जे कॉलम रिकामे निघतील, त्यांचा अर्थ ठाऊक असलेला माणूस ऑफिसात आहे तोवर त्याच्याकडून विचारून लिहून ठेवा.