मृगोदरातील मुद्देमाल

हरणाचे बाह्य रूप वर्णिण्यात कवींच्या पिढ्या खर्ची पडल्या; त्याचे अंतरंग पाहण्याचा योग मात्र शिकारी, खाटीक आणि वैद्य या तिघांच्याच वाट्याला आला, आणि हे तिघेही बहुधा लेखणीच्या फंदात न पडणारे असल्यामुळे तेथे काय काय सापडते याची हकीकत साहित्याच्या दप्तरी फारशी दाखल झालेली नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकाऱ्याची बंदूक खुंटीला टांगली, हे उचितच झाले. परंतु जेथे ही शिकार अद्याप सरकारी परवान्यावर आणि ठरल्या हंगामात चालते, तेथील शिकाऱ्याला हे ज्ञान आजही दरसाल स्वतःच्या हातांनी मिळवावे लागते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात १५ नोव्हेंबरला बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडतो. हरीण पडले की पहिले काम ते जागच्या जागी साफ करण्याचे, कारण देहातील ऊब लवकर निघून गेली नाही तर मांस नासते. छातीच्या हाडाखाली सुरीचे टोक घालायचे, दोन बोटांनी कातडे उचलून धरून पाते वरच्या अंगाने चालवायचे म्हणजे पोटाच्या पिशवीला छेद जात नाही, मग कोपरापर्यंत हात छातीत घालून श्वासनलिका जमेल तितक्या वर कापायची आणि आतला सारा ऐवज ओढून बाहेर घ्यायचा. हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्याच्या नजरेला काही वावगे असेल तर ते तत्काळ खुपते. कधी यकृतात पानासारखे चपटे, तीन-तीन इंच लांबीचे कृमी आढळतात. कधी घशाच्या पोकळीत माशीच्या गलेलठ्ठ अळ्या वळवळत असतात. कधी फासळीलगत कोण्या गतवर्षीच्या शिकाऱ्याच्या बाणाचे पाते रुतलेले निघते, आणि त्याभोवती शरीराने तंतूंचे घट्ट वेष्टन विणून तो विषय आपल्यापुरता मिटवून टाकलेला असतो. आणि जे सापडत नाही तेही चमत्कारिकच: हरणाच्या यकृताला पित्ताशयाची पिशवी नसते. ॲरिस्टॉटलने ही उणीव टिपून ठेवली, आणि पित्तापासून मुक्त असल्यामुळेच हे प्राणी दीर्घायुषी होतात हे जुन्या जाणत्यांचे मतही सोबत नोंदवले.

या टिपणातच माणसाचा स्वभाव उघड होतो. परक्या देहात काही विलक्षण दिसले की त्या देहाला त्याचे काय सुखदुःख असेल हा प्रश्न त्याला सुचत नाही. यात माझ्यासाठी काय आहे, हा सुचतो. यूरोपातील तांबड्या हरणाच्या हृदयात एक लहानसे हाड असते. मध्ययुगीन औषधविक्यांनी ते हृदयविकारावरील उपाय म्हणून विकले. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात केसांच्या गुंतवळ्याभोवती किंवा एखाद्या बीभोवती क्षारांचे पुट चढत चढत गुळगुळीत खडा तयार होतो. हा जहरमोहरा सर्व विषांवर उतारा मानला गेला आणि सोन्याच्या मोलाने खपला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिग्रंथात गार्सिया द ऑर्ता याने या खड्याची चर्चा केली आहे. मागणी फार आणि खडे थोडे, तेव्हा सतराव्या शतकाच्या मध्यास गोव्यातीलच गास्पार आंतोनियो या जेझुइट बंधूने जहरमोहऱ्याची पूड, माती, शंखशिंपल्यांचे चूर्ण, कस्तुरी आणि रत्नांची भुकटी यांचे गोळे वळून त्यांवर सोन्याचा वर्ख चढवला. हे गोव्याचे खडे सोन्याच्या जाळीदार डब्यांत बसून यूरोपातील सरदारांच्या दिवाणखान्यांत पोहोचले; दुखणेकरी माणूस ते खरवडून पाण्यातून वा चहातून घेई.

या श्रद्धेची झडती घेणारेही निघाले. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्यापुढे शल्यवैद्य आंब्र्वाझ पारे याने या खड्याविषयी शंका घेतली, तेव्हा चांदीची ताटे चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याला विष देऊन वर जहरमोहरा पाजण्यात आला. तो तासन्‌तास तळमळून मेला. इंग्लंडात १६०३ साली एका खरेदीदाराने फिर्याद केली, की सोनाराने शंभर पौंडांना दिलेला खडा अस्सल जहरमोहरा नव्हे; न्यायालयाने निवाडा दिला, की सोनाराने खडा अस्सल असल्याचे नुसते सांगितले, हमी दिली नव्हती. या साऱ्या खटाटोपात, ज्या मुक्या प्राण्याच्या पोटात तो खडा बसला होता त्याची साक्ष कोणी घेतली नाही. ती घेतली असती तर एवढेच निष्पन्न झाले असते, की ज्याला आपण अमृत समजून पदरमोड करतो ते त्या बिचाऱ्याच्या पोटात न विरघळलेले लचांड होते.

आता त्या पोटात निराळा जिन्नस निघतो. विदर्भातील एका गावाच्या शिवेवर चितळाची मादी मरून पडली होती, तिच्या शवविच्छेदनाच्या वेळी जवळ उभे राहण्याची मुभा मला मिळाली. अंगावर जखम नव्हती, पोट मात्र टम्म होते. वनरक्षक पंचनाम्याचे कागद मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टरांनी पोटाचा थोरला कप्पा, खाटीक ज्याची वजडी करून विकतो तो, चिरला, तेव्हा आंबलेल्या गवताच्या भपकाऱ्यासरशी एक करडा, चिवट गोळा बाहेर आला. पाण्याखाली धरल्यावर त्यातून दुधाच्या पिशवीचा कोपरा, नायलॉनची दोरी, फरसाणाच्या पुड्याचा चकाकता कागद असे एकेक उलगडू लागले. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकात एक बसलेले ते थर कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे सांगता येत नव्हते. "साहेब, नग किती लिहू?" वनरक्षकाने विचारले. "नग मोजायला बसलात तर रात्र होईल," डॉक्टर म्हणाले, "वजन लिहा."

हे केवळ आपल्याच उकिरड्यांचे पाप आहे असेही नाही. जपानातील नारा येथील हरणे कासुगा देवस्थानाच्या देवाची म्हणून पूज्य, १९५७ पासून राष्ट्राचा नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षित. तरी २०१९ मध्ये तेथे मेलेल्या ज्या १४ हरणांची तपासणी झाली त्यांपैकी ९ जणांच्या पोटांत प्लॅस्टिक निघाले, आणि सर्वांत मोठा गोळा ४.३ किलो भरला. त्याच मिशिगनमध्ये १९९४ साली एका शिकाऱ्याने मारलेल्या हरणात गुरांचा क्षय आढळला आणि पुढील तपासात तो रोग रानातल्या कळपांत मुरला असल्याचे निष्पन्न झाले. हरणे जवळ यावीत, पोसली जावीत म्हणून माणसांनी रानात गाजरे, बीट आणि मका यांचे ढीग टाकले होते. त्या ढिगांवर तोंडाला तोंड लावून चरताना रोग एकाकडून दुसऱ्याकडे गेला. १९९८ मध्ये बाधित टापूत असे खाणे टाकण्यास सरकारने मनाई केली.

पूर्वी आपण त्या पोटात आपल्या उपयोगाचे काही मिळते का ते धुंडाळत होतो. आता तेथे आपणच टाकलेले आपल्याला परत मिळते. हरणाचा देह दोन्ही काळांत एकच काम करीत आला: आत शिरलेल्या परक्या वस्तूला वेढून घ्यायचे आणि जगत राहायचे. बदलली ती त्या वस्तूची मालकी. मुद्देमाल ओळखीचा निघाल्यावर पंचाने सही करताना मान खाली घालावी, अशी ही वेळ आहे, आणि ज्याने जन्मात बंदूक हाती धरली नाही अशा माझ्यासारख्या माणसाला निर्दोष सुटका मागण्याचा मुळीच अधिकार नाही. पिशवी रस्त्यात भिरकावून देण्यास परवाना लागत नाही.

म्हणूनच मला मिशिगनच्या त्या शिकाऱ्यांविषयी, त्यांच्या छंदाबद्दल मनात अढी असूनही, आदर वाटतो. फासळ्यांच्या आतील अस्तरावर वाटाण्याएवढ्या पिवळट गाठी दिसल्या तर हरीण फेकून मोकळे न होता ते सरकारी तपासनिसाला वर्दी देतात, आणि निरोगी दिसणाऱ्या हरणाचेही मुंडके तपासणीसाठी जमा करतात. रोगाचा हिशेब ठेवला जातो तो बहुतांशी त्यांच्याच भरवशावर. जीव घेण्याची मुभा सरकार देऊ शकते. घेतलेल्या जीवाच्या आत स्वार्थ बाजूला ठेवून पाहावे, ही अट मात्र ज्याची त्याने स्वतःवर घालून घ्यावी लागते. सोन्याच्या डबीतला खडा खरवडून पिणाऱ्या सरदारापेक्षा, कोपरापर्यंत रक्ताने माखलेला आणि दिसेल ते खरे सांगणारा हा गडी मला अधिक सुसंस्कृत वाटतो.